मूत्राशयातल्या खड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन

पोट न फाडता, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून पिशवीतला म्हणजे मूत्राशयातला खडा फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे, ही ती पद्धत. पुण्यात कोणी 'मूतखडा झालाय' म्हटलं की सगळे किडनीचाच समजतात, लगेच कुळथाचं कढण नाहीतर पानफुटीचा पाला सुचवतात. पिशवीतला खडा मोठ्या माणसांत बहुधा लघवी पूर्ण सुटत नाही म्हणून होतो, आणि त्यामागे बऱ्याचदा वाढलेली प्रोस्टेट (पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी) असते.

उगमाबद्दल मात्र वाद आहे. आपल्याकडे सुरुवात सुश्रुतापासून करायची रीत आहे. सुश्रुतसंहितेचा काळ कोणी इ.स.पू. ६०० च्या आसपास धरतं, कोणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत. ग्रंथावर नंतरचे संस्कार झालेत हे बघता सरसकट सगळाच मजकूर जुना धरू नये हे बरं. संहितेतल्या चिकित्सास्थान या भागाच्या सातव्या अध्यायात गुदद्वारात दोन बोटं घालून खडा खाली दाबायचा, शिवणीच्या (गुदद्वारापासून पुढे मधोमध जाणाऱ्या रेषेच्या) डावीकडे जवभर अंतर सोडून चीर द्यायची आणि 'अग्रवक्र' नावाच्या वाकड्या टोकाच्या यंत्राने खडा अख्खा काढायचा असं दिलंय; आणि तिथेच बजावलंय की खडा फुटू देऊ नका, चूर्ण थोडंसं जरी राहिलं तरी ते पुन्हा वाढतं. म्हणजे ही परंपरा कापून काढायची, फोडायची नाही. अलेक्झांड्रियाचा प्राचीन सर्जन अमोनियस खडा फोडायचा असं सेल्सस या रोमन लेखकाने लिहिलंय, पण तोही चीर देऊनच.

न कापता आतच फोडायचं श्रेय सहसा पॅरिसचा सर्जन सिव्हियाल याला देतात, साल १८२४. लरॉय द'एतिओल आणि एर्तलू या त्याच काळातल्या फ्रेंच डॉक्टरांनीही हक्क सांगितला होता. कल्पना कोणाचीही असो, जिवंत पेशंटवर आधी करून दाखवलं ते सिव्हियालने, त्यामुळे त्याचंच नाव धरणं योग्य वाटतं. १८७८ मध्ये बॉस्टनचा सर्जन बिगेलो याने फोडणं आणि तुकडे धुऊन ओढून काढणं एकाच बैठकीत आणलं. लहान मुलांना ते झेपणार नाही असा समज होता, तो इंदूरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचा सर्जन कीगन याने १८८० च्या दशकात खोडून काढला.

आता कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात, सलाईन सोडत होल्मियम लेझरने किंवा हवेच्या दाबावर ठोके देणाऱ्या लिथोक्लास्टने खडा फोडतात आणि चुरा एलिकच्या रबरी फुग्याने खेचून घेतात. फुगा दाबला की पाणी आत जातं, सोडला की चुऱ्यासकट परत येतं आणि चुरा खाली काचेच्या भांड्यात बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू, कारण चुऱ्याची सुश्रुताची धास्ती आजही तशीच आहे. मुलांत मूत्रमार्ग अरुंद असतो, म्हणून बऱ्याचदा ओटीपोटावर छोटं भोक पाडून तिथून जातात. खडा फारच मोठा असेल तर अजूनही पोट उघडतात. प्रोस्टेट अडवत असेल तर तिचा अडवणारा भागही बहुधा त्याच बैठकीत काढतात, नाहीतर खडा परत होतो.