प्रोसेसर कोण खातंय, हे यादीत दिसत नाही तेव्हा

संगणक मंदावला की आपण टास्क मॅनेजर उघडतो आणि सगळ्यात जास्त टक्के खाणारा प्रोग्रॅम शोधतो. बहुतेक वेळा तो सापडतो. ब्राउझरमध्ये उघड्या राहिलेल्या ढीगभर टॅब असतात, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग असतं, नाहीतर मागच्या मागे चाललेलं विंडोजचं अपडेट. नाव कळलं की इलाज सोपा. अवघड दुखणं वेगळं असतं. पंखा घोंगावतोय, टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उशिरा उमटतंय, गाणं लावलं तर आवाज मध्येच तडतडतोय, आणि यादीत ओळखीचा एकही प्रोग्रॅम दोषी दिसत नाही. सगळ्यात वर नाव असतं ते ‘सिस्टम’ किंवा ‘सिस्टम इंटरप्ट्स’. अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो ड्रायव्हरवर.

आपल्याकडे अशा मशीनला ठरलेला उपाय सांगितला जातो: फॉरमॅट मारूया. माझा याला ठाम विरोध आहे. फॉरमॅटनंतर एखाद-दोन दिवस मशीन छान चालतं, मग विंडोज अपडेट नेमका तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवतं आणि दुखणं परत सुरू होतं. दरम्यान दुकानाचा अर्धा दिवस गेलेला असतो, मराठी फॉन्ट गेलेले असतात आणि कधी कधी हिशेबाचा डेटाही. दोष कुठे आहे हे मोजून शोधता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. वायफाय कार्ड, प्रिंटर, टचपॅड, साउंड चिप यांच्याशी कसं बोलायचं हे विंडोजला स्वतःहून सगळं माहीत नसतं. ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि बऱ्याचदा तो त्या उपकरणाच्या कंपनीने लिहिलेला असतो. इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये १९८२ च्या ८०२८६ पासून अधिकारांच्या चार पातळ्या आहेत. विंडोज आणि लिनक्स त्यातल्या दोनच वापरतात. आपले नेहमीचे प्रोग्रॅम सगळ्यात खालच्या अधिकारावर चालतात, तर ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यात वरच्या. बरेचसे ड्रायव्हर या गाभ्याच्या आतच राहतात. वर्डने गोंधळ घातला तर विंडोज त्याला बंद करू शकतं. गाभ्यातल्या ड्रायव्हरला तसं हाताला धरून बाहेर काढता येत नाही. त्याने खाल्लेला वेळही बहुधा ‘सिस्टम’च्या नावावर पडतो, त्याच्या स्वतःच्या नावावर नाही.

दुसरी गोष्ट इंटरप्टची. की दाबली, माउस हलला, नेटवर्कवरून माहिती आली, की ते उपकरण प्रोसेसरला इशारा देतं. प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे थांबवतो, खूण ठेवतो, इशाऱ्याची दखल घेतो आणि परत खुणेपाशी येतो. अडत दुकानातले दिवाणजी वही लिहिता लिहिता फोन आला की लेखणी ठेवतात, दोन शब्द बोलतात आणि परत त्याच ओळीवर येतात, तसंच. फोन दर मिनिटाला वाजायला लागला तर वही पुढे सरकणार नाही, आणि फोनवर गेलेला वेळ कुठल्याच खात्यावर चढणार नाही. टास्क मॅनेजरमधला ‘सिस्टम इंटरप्ट्स’ हा खरा प्रोग्रॅम नसतोच. असा इशाऱ्यांपायी गेलेला वेळ दाखवायला विंडोजने केलेली ती एक ओळ आहे. म्हणून तिच्यावर ‘एंड टास्क’ करून काही साधत नाही.

ही दखल घेण्याचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात ड्रायव्हर फक्त इशारा पोचल्याची नोंद करतो आणि उरलेलं काम पुढे ढकलतो. मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सल्ला असा, की पहिला टप्पा २५ मायक्रोसेकंदांत उरकावा आणि पुढे ढकललेलं काम, ज्याला डीपीसी म्हणतात, १०० मायक्रोसेकंदांच्या वर जाऊ नये. १०० मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीन लाख ठोके पडतात, म्हणजे ही मुदत तशी उदार आहे. प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. डीपीसी चालू असताना त्या कोअरवर दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला पाळी मिळत नाही. आवाज तडतडतो तो यामुळेच. ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी वाजतो असं धरा. साउंड कार्डाला एका वेळी १० मिलिसेकंदांचा साठा, म्हणजे ४८० नमुने, मिळत असतील, तर पुढचा साठा तेवढ्या वेळात भरला गेलाच पाहिजे. वायफायच्या ड्रायव्हरने मध्येच १५ मिलिसेकंद कोअर अडवून धरला, तर साठा संपतो आणि कानाला ‘टक्’ असं ऐकू येतं. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणाऱ्यांना ही तक्रार चांगली ओळखीची असते. आवाज तडतडतो म्हणून ते साउंड कार्ड बदलतात आणि दोष वायफायचा निघतो. एखादा डीपीसी अगदीच अडून बसला, तर विंडोज निळा पडदा दाखवून मशीनच थांबवतं. त्यावर ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ असं लिहिलेलं असतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा हंगाम ऐन भरात असताना एका अडत दुकानातला संगणक रखडत होता. तिथे गुळाचे रवे इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतात आणि वजन थेट बिलाच्या प्रोग्रॅममध्ये येतं. काट्याला जुना नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, संगणकाला फक्त यूएसबी, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर केबल. “सर, मशीन बदलायलाच लागतंय की काय बघा. सकाळी बरं असतंय, अकरा वाजले की हँग व्हायला लागतंय,” मालक म्हणाले. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर २५ टक्क्यांच्या आसपास होता. मालकांचा मुलगा म्हणाला, “पंचवीस टक्केच हाय, म्हणजे पाऊण मशीन मोकळंच की.”

हा समज फार पसरलेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. त्या मशीनला चार कोअर होते. वरचा आकडा चारही कोअरांची सरासरी असतो. चारपैकी एक कोअर पूर्ण अडकला आणि तीन निवांत असले, तरी सरासरी २५ च येते. आठ लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे विंडोजला वेगवेगळे दिसणारे प्रोसेसर, असतील तर तीच अडवणूक साडेबारा टक्के दिसेल आणि सोळा असतील तर सव्वासहा. म्हणून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा आलेख वेगळा पाहावा. इथे कर्नलचा वेळ दाखवण्याचाही पर्याय आहे. तो लावला की आलेखात गडद भाग दिसतो. गडद भाग वरपर्यंत भरलेला असेल, तर वेळ तुमच्या प्रोग्रॅममध्ये जात नसून गाभ्यात जातोय. यार्डातल्या मशीनवर एक चौकट अशीच काठोकाठ गडद भरलेली होती.

‘सिस्टम’च्या आत डोकवायला प्रोसेस एक्सप्लोरर हे फुकट साधन उत्तम आहे. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन २००६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे. ते ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचं, ‘सिस्टम’ वर डबल क्लिक करायचं, थ्रेड्स हे पान उघडायचं आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून मोठा आकडा वर आणायचा. यार्डात बाकी सगळ्या ओळी शून्याच्या आसपास होत्या आणि एकच ओळ २४ च्या वर. तिच्या पुढे एका फाइलचं नाव होतं, शेवटी डॉट एसवायएस. हीच ड्रायव्हरची फाइल. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात ती शोधून प्रॉपर्टीज पाहिल्या, की कंपनी आणि आवृत्ती दोन्ही कळतात. फाइल कन्व्हर्टर केबलची निघाली.

तरीही नाव सापडलं म्हणजे दोष सिद्ध झाला असं मी धरत नाही. केबल काढली, आकडा २५ वरून दोन-तीनवर आला. परत लावली, काटा सुरू केला, थोड्या वेळाने आकडा पुन्हा वर चढला. काढल्यावर जातो आणि लावल्यावर येतो, हे दोन्ही दिसल्यावरच खात्री धरायची. विचार केला तर केबलमधून येणारी माहिती ती केवढी? सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने जेमतेम ९६० अक्षरं. आजच्या प्रोसेसरला ती जाणवूही नयेत. म्हणजे भार माहितीचा नव्हता. वाचण्याची मागणी फसली की हा ड्रायव्हर क्षणाचीही उसंत न घेता तीच मागणी पुन्हा करत राहायचा, आणि त्या फेऱ्यात एक कोअर अडकायचा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’चं बटण राखाडी होतं, कारण आधीची आवृत्ती मशीनवर नव्हतीच. मग त्याच ठिकाणी डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी पाहिला. त्यात व्हीआयडी आणि पीआयडी असे चार-चार अक्षरांचे दोन संकेत असतात, त्यांवरून चिप कुणाची ते कळतं. चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून योग्य आवृत्ती घेतली. जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीतही खूण करावी लागते. नाहीतर विंडोज आपल्या साठ्यातून तोच परत लावतं.

ज्यांना प्रोसेस एक्सप्लोररची धास्ती वाटते त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेक उपकरण डिसेबल करून मिनिटभर आकडा पाहावा. वायफाय, ब्लूटूथ, कार्ड रीडर, कॅमेरा, साउंड या क्रमाने. डिस्क कंट्रोलर, डिस्प्ले आणि कीबोर्डला हात लावू नका. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर चढवतं. तिथे भार गेला, तर संशय बाहेरच्या ड्रायव्हरवर किंवा सेवेवर पक्का होतो. आवाज तडतडत असेल तर लेटन्सीमॉन हे साधन कोणत्या फाइलने किती वेळ कोअर अडवला ते आकड्यांत दाखवतं. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या मशीनमध्ये धूळ साचून प्रोसेसर तापतो आणि वेग उतरतो, तो प्रकार निराळा. तिथे परफॉर्मन्स पानावर गिगाहर्ट्‌झचा आकडाच खाली आलेला दिसतो.

हे दुखणं विंडोजपुरतं नाही. लिनक्समध्ये प्रत्येक इंटरप्टची मोजणी एका फाइलमध्ये वाचता येते. इशारे ज्या वाटेने येतात त्या एखाद्या लाइनवरच्या १,००,००० इशाऱ्यांपैकी ९९,९०० हून जास्त इशारे कुठल्याच ड्रायव्हरने आपले म्हटले नाहीत, तर कर्नल ती लाइनच बंद करतं. नेटवर्कच्या बाबतीत तर प्रश्न मुळातलाच आहे. नेटवर्कवरून माहिती पाकिटांच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या, रूपात येते. गिगाबिट जोडणीवर लहानात लहान पाकिटं आली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार येऊ शकतात. प्रत्येकासाठी काम थांबवायचं ठरवलं, तर प्रोसेसर नुसता थांबतच राहील आणि एकही पाकीट प्रोग्रॅमपर्यंत पोचणार नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये ही कोंडी मांडली आणि उपायही सुचवला: गर्दी झाली की इशारे बंद करायचे आणि प्रोसेसरने आपल्या सवडीने जाऊन पाकिटं उचलायची. लिनक्सने पुढे नॅपी या नावाने हाच मार्ग घेतला. मला ही कल्पना फार देखणी वाटते.

ड्रायव्हर चुकीचा नसतानाही त्याचा निर्णय मशीन मंद करू शकतो. विंडोज एक्सपीमध्ये हार्ड डिस्कच्या केबलवर एकूण सहा चुका झाल्या, की ड्रायव्हर डिस्कचा वेग पायरी पायरीने उतरवायचा. चुका थांबल्या नाहीत, तर शेवटी तो पीआयओ पद्धतीवर यायचा. त्या पद्धतीत डिस्कवरची माहिती प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावी लागते, आणि साधी फाइल कॉपी करतानाही मशीन गुदमरायचं. खरा दोष असायचा तो सैल झालेल्या केबलचा.

रोज संध्याकाळी मशीन बंद करूनही दुखणं जात नाही, असं बरेच जण सांगतात. त्याचं कारण विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत चढते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं, म्हणून तपासणीआधी एकदा रिस्टार्ट करावं. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अद्ययावत करून देतो म्हणणारी फुकट अॅप्स अजिबात वापरू नयेत. ती चालू असलेला ड्रायव्हर काढून भलताच बसवू शकतात, आणि मग नेमकं काय बदललं हेच कळत नाही. ड्रायव्हर बदलायचा तर एका वेळी एकच बदलावा, आणि त्याआधी जुन्याचं नाव, आवृत्ती आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. पुढचं अपडेट आल्यावर भार पुन्हा चढला, तर कुठल्या आवृत्तीवर परत जायचं ते त्या पानावर मिळतं.