१० कोटींचा खेळाडू म्हणजे १० कोटींचा तोटा?

फुटबॉलमध्ये ट्रान्सफरचा (क्लबांमधल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा) मोसम आला की एक मेसेज फिरतोच: ‘क्लबने १० कोटी युरोंना खेळाडू घेतला, म्हणजे यंदा तेवढा तोटा. फायनान्शियल फेअर प्लेचा नियम मोडलाच!’

शंका रास्त वाटते. पण क्लबांच्या तोट्याला मर्यादा घालणारा हा नियम हिशेबातला नफा-तोटा बघतो, आणि तिथे खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागतात. करार ५ वर्षांचा असेल तर वर्षाला २ कोटी. (पगार वेगळा, तो ज्या-त्या वर्षीच.)

विक्रीत गंमत आहे. २ वर्षांनी त्याच खेळाडूची पुस्तकी किंमत (अजून खर्ची न टाकलेली रक्कम) उरते ६ कोटी. तो ७ कोटींना विकला, तर लोक म्हणतात ३ कोटी बुडाले. हिशेबात मात्र १ कोटीचा नफा, तोही सगळा त्याच वर्षी. क्लबच्याच अकादमीत घडलेला पोरगा विकायचा मोह क्लबांना होतो तो यामुळेच. त्याची पुस्तकी किंमत जवळपास शून्य असते.

शिवाय तोट्याला सरसकट बंदी नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत तो चालतो, बहुतेकदा काही वर्षांचा मिळून मोजतात, आणि स्टेडियम, युवा संघ यांवरचा खर्च सहसा वगळतात.

पडताळायचंय? क्लबचा वार्षिक अहवाल उघडा आणि ‘अमूर्त मालमत्ता’ (intangible assets) ही टीप शोधा. खेळाडूंची खरेदी, त्या वर्षी खर्ची टाकलेला हिस्सा, उरलेली किंमत, सगळं तिथे असतं.