माणिकडोहचे पिंजरे भरले कसे?

बिबट्या विहिरीत पडला की दोराला बाज बांधून खाली सोडतात. दमलेलं जनावर तिच्यावर चढून बसतं, मग पिंजरा उतरतो. याला रेस्क्यू म्हणतात. उसाच्या कडेला शेळीचं आमिष लावून धडधाकट बिबट्या जेरबंद केला, तरी तोही रेस्क्यूच! जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात जन्म काढणाऱ्या जनावरांचा प्रश्न या शब्दापासूनच सुरू होतो.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी फिरलं आणि जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला. लपायला ऊस, खायला वस्तीवरची कुत्री नि शेळ्या. मादी तिथेच विऊ लागली. माणसांवर हल्ले झाले तसे पिंजरे लागले. पकडलेले 29 बिबटे सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याचा हिशेब मांडला: माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. लांब नेऊन सोडणं हा उपाय तिथेच बाद झाला.

मग पकडलेल्याचं करायचं काय? वन्यजीव संरक्षण कायद्यात 2003 पासून दोन अटी आहेत. पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही, अशी खात्री झाल्याशिवाय मारण्याचा हुकूम देता येत नाही. आणि कायमचं कोंडायचं, तर हे जनावर रानात परत जाऊ शकत नाही, याची कारणं मुख्य वन्यजीव रक्षकांनी लेखी द्यायची. म्हणजे कायद्याच्या लेखी कोंडणं हा अपवाद. गजांवर आपटून सुळे तुटलेल्या बिबट्याचं कारण लिहिणं सोपं. पण धडधाकट जनावराला परत घ्यायला एकही गाव तयार नाही, हे कारण कुठल्या रकान्यात बसवणार? 2025 च्या अखेरीस शिरूर भागात मुलं बळी गेली, लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यांच्यासमोर उभं राहून ‘सोडा’ म्हणणं मला तरी जमलं नसतं.

बछड्यांची गोष्ट मात्र वेगळी. ऊसतोडीत सापडलेली पिल्लं आई सोडून गेली असं समजून लोक उचलून आणत. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू रानाच्या कामाचं राहत नाही. आता पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जाऊन थांबतात. बहुतेकदा अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट पाडते आणि एकेकाला मानगुटीला धरून उसात नेते.