कुणी तुमच्या ब्रँडसारखं नाव नोंदवतंय? ट्रेडमार्क हरकतीची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

नागपूरच्या इतवारीत तुमचा मसाला वर्षानुवर्षं खपतोय आणि आता तशाच रंगाच्या पाकिटात, एका अक्षराच्या फरकाने दुसऱ्याचा मसाला आलाय. त्याने त्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला असेल, तर कोर्टाआधी एक स्वस्त मार्ग आहे: हरकत.

हरकत कोणीही घेऊ शकतं. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २१ नुसार त्यासाठी स्वतःची नोंदणी लागत नाही. मुदत मात्र कडक आहे. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं. त्यात समोरच्याचा अर्ज छापून आल्यापासून चार महिने मिळतात, वाढवून मिळत नाहीत. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात. मसाल्याचा वर्ग ३०, म्हणून निदान तेवढा वर्ग तरी चाळत राहा.

हरकतीचा फॉर्म टीएम-ओ. ऑनलाइन शुल्क वर्गामागे २,७०० रुपये, कागदी भरल्यास ३,०००. नागपुरातल्या सिव्हिल लाईन्समधल्या बौद्धिक संपदा संस्थेत फॉर्म घेऊन जाऊ नका, तिथे प्रशिक्षण चालतं. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचे अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे असतात. वकील किंवा एजंट नेमलात तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र जोडावं लागतं.

हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत समोरच्याने उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. उत्तर आलं, की पुढच्या दोन महिन्यांत तुमचा पुरावा प्रतिज्ञापत्रावर गेला पाहिजे. बहुतेकांची दमछाक इथेच होते, कारण जुनी बिलं रद्दीत गेलेली असतात. नाव छापलेली सर्वांत जुनी बिलं, पाकिटं छापणाऱ्या प्रेसची बिलं, फूड लायसन्स, जीएसटीची कागदपत्रं, जाहिरातींची कात्रणं, दोन्ही पाकिटांचे फोटो हे सगळं काढून ठेवा. आणि एखाद्या गिऱ्हाइकाने ‘तुमचाच समजून आणला’ म्हणून परत केलेलं पाकीट किंवा तसा व्हॉट्सॲप मेसेज असेल, तर तो सोन्याचा. प्रत्यक्ष कुणी फसलंच पाहिजे असं नाही. फसण्याची शक्यता पुरते.

ती कशी जोखतात? ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कसोटी लावली ती साधारण बुद्धीच्या, नाव अर्धवट लक्षात राहिलेल्या गिऱ्हाइकाची. नावं सारखी ठरली. तरीही अमृतधारावाल्यांनी दीर्घकाळ खपवून घेतल्यामुळे लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच.

‘संत्रा बर्फी’सारख्या शब्दांवर मात्र हक्क सांगायला जाऊ नका. ते मालाचंच नाव आहे. हक्क त्याला जोडलेल्या खास नावावर आणि एकूण मांडणीवर असतो.

चार महिने निघून गेले आणि नोंदणी झाली, तर कलम ५७ खाली ती रद्द करण्याचा अर्ज करता येतो, फॉर्म टीएम-ओच. तुमचं नाव नोंदलेलं नसलं तरी जिल्हा न्यायालयात पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याने आपला माल तुमचा म्हणून खपवल्याचा, दावा लावता येतो. तिथे तुमची बाजारातली पत आणि त्याच्या मालामुळे होणारं नुकसान दाखवावं लागतं, खर्चही बराच वाढतो. नोंदणीनंतर माहीत असूनही सलग पाच वर्षं गप्प राहिलात, तर समोरच्याने अर्जच बदनियतीने केला होता हे दाखवल्याशिवाय कलम ३३ तुमची वाट अडवतं.