आर्केटिपा

आर्केटिपा : फुले, फळे, किडे आणि गोगलगायी यांच्या ताम्रकोरीव चित्रांचा संच. तो १५९२ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झाला. मूळ चित्रे अँटवर्पचे (आजच्या बेल्जियममधील शहर) लघुचित्रकार योरिस हूफनागल यांची. त्यांवरून तांब्याचे पत्रे कोरण्याचे श्रेय त्यांचा मुलगा याकोब याला दिलेले असून तेव्हा त्याने विशीही ओलांडली नव्हती. प्रत्येकी १२ चित्रांचे ४ भाग, म्हणजे एकूण ४८ चित्रे, मुखपृष्ठे वेगळी.

योरिस (जन्म १५४२) व्यापारी घराण्यातले. १५७६ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले आणि त्यानंतर त्यांनी शहर सोडले. म्यूनिकला ते बव्हेरियाच्या ड्यूकच्या पदरी राहिले, पुढे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्यासाठी काम केले. त्यांची चर्मपत्रावरची रंगीत कीटकचित्रे दरबारी संग्रहात बंद असत. छापील संचामुळे तीच नजर दरबाराबाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचली, आणि माझ्या मते या संचाचे खरे मोल त्यातच आहे.

वनस्पतींची छापील चित्रे त्याआधीही होती. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स यांच्या १५४२ च्या ग्रंथात पाचशेच्या वर वनस्पतिचित्रे लाकडी ठशांतून छापली आहेत. लाकडी ठशात रेघ उठावाची असते. भोवतालचे लाकूड काढून ती उभी ठेवावी लागते, त्यामुळे फार बारीक केली तर मोडते. तांब्याचे उलटे. कोरणीने पत्र्यात खाच पाडायची, खाचेत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. कागद खाचेतली शाई उचलून घेतो. सुरवंटाचे केस, चतुराच्या पंखांवरची जाळी, माशीच्या पायाचे सांधे अशा केसाएवढ्या रेघेतच उतरू शकतात. सूक्ष्मदर्शक यायच्या आधीचे हे काम आहे, हे चित्रे पाहताना विसरू नये.

कोरलेले चित्र छापताना आरशातल्यासारखे उलटते. फुलपाखराला त्याने बाध येत नाही, पण गोगलगायीच्या शंखाचा वेढा चुकीच्या बाजूला जातो. डच चित्रकार रेम्ब्रांट यांनीसुद्धा १६५० मध्ये शंखाचे चित्र छापले ते असेच उलट्या वेढ्याचे. सही मात्र सरळ उमटली आहे!

आर्केटिपाच्या पानाची मांडणी एखाद्या नक्षीसारखी आहे. मध्ये फूल किंवा फळ, दोन्ही बाजूंना तोलून बसवलेले जीव, आणि सोबत लॅटिन वचन. काही वचने बायबलमधली, काही डच विद्वान इरॅस्मसने जमवलेल्या म्हणींतली. जमीन नाही, आकाश नाही, नुसता कोरा कागद. मात्र किड्याच्या पायांखाली बारीक तिरप्या रेघांची सावली कोरलेली असते. तेवढ्या सावलीने तो चित्रातला न राहता आत्ताच पानावर येऊन बसल्यासारखा वाटतो. बोटाने हुसकावून लावावेसे वाटते. निसर्ग हाच एकमेव गुरू, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद योरिस वापरत. माशीला गुलाबाइतकीच मेहनत देणारा माणूस ते नुसते लिहिण्यापुरते लिहीत नव्हता.

हा संच कारागिरांनी आणि चित्रकारांनी नमुना म्हणून हाताशी ठेवला. त्यातले किडे आणि फुले पुढच्या अनेकांनी उचलली. सतराव्या शतकातल्या नेदरलँड्सच्या पुष्पचित्रांत फुलदाणीच्या पायथ्याशी बसलेली माशी किंवा सुरवंट दिसतो, त्याचे नाते याच परंपरेशी आहे.