बोस्टनचा चहा आणि कंपनीचं दिवाळं

अमेरिकन क्रांती म्हटलं की बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आठवतो, आणि वाटतं की करवाढीला वैतागून लोकांनी तो फेकला. खरं तर त्या वर्षी, म्हणजे १७७३ मध्ये, चहा स्वस्त होणार होता. भांडण होतं ते कर बसवायचा अधिकार कोणाचा, यावरून.

त्याचं मूळ दहा वर्षं मागे आहे. १७६३ मध्ये ब्रिटनने फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध जिंकलं, कॅनडा मिळवला; पण सरकारी कर्ज साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींवर गेलं. या बोजातला काही वाटा वसाहतींनी उचलावा, असं लंडनला वाटलं. मागणी अगदीच अवाजवी नव्हती, कारण इंग्लंडमधला माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. पण अमेरिकेतल्या तेरा वसाहतींना आपापल्या प्रतिनिधीसभेने ठरवलेलाच कर द्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती, आणि पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही माणूस नव्हता.

१७६५च्या स्टँप कायद्याने खरेदीखत, मृत्युपत्र, वर्तमानपत्र, दारूविक्रीचा परवाना, इतकंच काय पत्त्यांच्या जोडावरही कर लावला. म्हणजे वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले एका फटक्यात दुखावले. बोलणारे, छापणारे आणि चार माणसं जमवणारे! बंडाला याहून चांगली फळी कुठल्या सरकारने उभी करून दिली नसेल. ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, तिकडचे व्यापारी ओरडू लागले आणि १७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. मात्र त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला: वसाहतींसाठी वाटेल ते कायदे करायचा हक्क आमचाच.

पुढच्याच वर्षी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. पुन्हा बहिष्कार, १७६८ मध्ये बोस्टनला फौज. ५ मार्च १७७० रोजी तिथल्या जकात कचेरीसमोर जमावाने शिपायांवर बर्फाचे गोळे फेकले, शिपायांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्स यांनी या शिपायांचं वकीलपत्र घेतलं आणि बहुतेकांना निर्दोष सोडवलं. बाकीची जकात उठली. चहावर दर पौंड वजनामागे तीन पेन्स तेवढे ठेवले, हक्क शाबूत राहावा म्हणून.

इथे ईस्ट इंडिया कंपनी येते. १७७०च्या दुष्काळात बंगाल उद्ध्वस्त झाला होता, फौजेचा खर्च वाढतच होता आणि तस्करीच्या डच चहामुळे कंपनीचा चहा लंडनच्या वखारींत पडून होता. तिला वाचवायला १७७३ मध्ये सरकारने कर्ज दिलं, रेग्युलेटिंग ॲक्टने तिच्यावर लगाम घातला आणि चहा थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली. त्यामुळे तो तस्करीच्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. तो विकत घेणं म्हणजे ते तीन पेन्स मान्य करणं. शिवाय स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, हेही विसरायला नको.

चहा घेऊन आलेलं पहिलं जहाज बोस्टनला लागलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, असा नियम. लोकांना चहा उतरू द्यायचा नव्हता, आणि बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन जहाज परत जाऊ देईना. चहाच्या अडत्यांत त्याचेच दोन मुलगे होते. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, मोहॉक या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीची सोंगं घेतलेली माणसं तीन जहाजांवर चढली आणि त्यांनी ३४२ पेट्या फोडून रिकाम्या केल्या. ओहोटी होती, त्यामुळे पत्तीचे ढीग पाण्यावर साचू लागले. ते ढकलून पसरावे लागले. चहा होता चीनचा, साधारण ४२ टन.

लंडनने १७७४ मध्ये बोस्टन बंदरच बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सचा कारभार आवळला. एका शहराला धडा शिकवायला गेले आणि बारा वसाहती फिलाडेल्फियाला एकत्र बसल्या. १९ एप्रिल १७७५ला बोस्टनजवळ लेक्सिंग्टनला गोळीबार झाला आणि युद्ध पेटलं. त्याच्या आदल्याच महिन्यात मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह करून मराठ्यांशी पहिलं युद्ध ओढवून घेतलं होतं. पुढची काही वर्षं इंग्रज दोन्हीकडे लढत होते.