जीपीएस इमारतीच्या आत वाट दाखवतं का?

‘फोनमध्ये जीपीएस असलं की अंध व्यक्तीला इमारतीच्या आतही वाट सापडते,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण होतो, त्यात काँक्रीटचं छत तो अडवतं आणि भिंतींवर आपटून आलेला सिग्नल जागाच चुकवतो. स्वतः पाहा: मोठ्या इमारतीत बरंच आत जाऊन, वाय-फाय बंद करून नकाशा उघडा. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बहुतेक वेळा पसरतं, तुम्ही उभेच असताना ठिपका सरकतो. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला दोन-तीन मीटरची चूकही भलत्याच दारापाशी नेते. म्हणूनच आत ब्लूटूथ बीकन, म्हणजे जागोजागी बसवलेली आणि फोनला जवळून सिग्नल देणारी छोटी उपकरणं, यांसारखी यंत्रणा आणि इमारतीचा अचूक नकाशा लागतो. ती सोय करायची जबाबदारी इमारत चालवणाऱ्यांची आहे.